सगळं ऑनलाइन होत असताना बायोटेक कंपन्या विद्यापीठाला चिकटूनच का असतात?

कारण जिवंत पेशी ईमेलला जोडून पाठवता येत नाहीत.

मी एका विद्यापीठालगतच्या इन्क्युबेटरमध्ये सात वर्षं काढली. (आमच्याकडे पेशी वाढवायचं कपाटही इन्क्युबेटर आणि कंपन्या वाढवायची इमारतही.) आम्ही सहा जण. फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून मोजणारं, तपासणारं मशिन) विकत घेणं आवाक्याबाहेर, म्हणून विद्यापीठाच्या मशिनवर तासाच्या बोलीने स्लॉट घ्यायचो. नळ्या बर्फात खोचायच्या आणि रस्ता ओलांडायचा. पेशी काही तासांत मरायला लागतात, त्यामुळे मशिन दूरच्या गावी असतं तर आमच्या प्रयोगाऐवजी प्रवासाचाच परिणाम मोजला गेला असता.

पण मशिनपेक्षा ते चालवणाऱ्या बाई जास्त उपयोगी पडल्या. एकदा माझा आलेख बघून त्यांनी सहज विचारलं, "ट्रिप्सिन किती वेळ ठेवता?" (ट्रिप्सिन म्हणजे भांड्याला चिकटलेल्या पेशी सोडवायला घालतात ते प्रथिनं तोडणारं द्रव्य.) तिथेच घोळ सापडला. आमची अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटायला हवी, तेच ट्रिप्सिन खाऊन टाकत होतं आणि आम्ही तीन महिने अँटिबॉडीच्या नावाने बोटं मोडत होतो. झूमवर हा प्रश्न कोणी विचारला नसता, कारण तो आलेख मी कोणाला पाठवलाच नसता.

दुसरं कारण माणसांचं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत १९७८ साली तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून हायब्रिटेक ही बायोटेक कंपनी निघाली. १९८६ मध्ये एली लिली या मोठ्या औषध कंपनीने ती घेतली. मोठ्या कंपनीचा कारभार अनेकांना मानवला नाही, ते बाहेर पडले, पण गाव सोडून गेले नाहीत. तिथेच नव्या कंपन्या काढल्या. त्या गावातलं बायोटेक उभं राहिलं ते बरंचसं या फुटून निघालेल्या लोकांमुळे.

विद्यापीठाने हात आखडता घेतला तर मात्र शेजार असून उपयोग नाही. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांच्या डीएनए जोडण्याच्या तंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाला १९८० मध्ये मिळालं. त्यांनी ते एकाच कंपनीच्या पदरात न टाकता, मागेल त्याला सुरुवातीला वर्षाला १०,००० डॉलरमध्ये वापरू दिलं. १९९७ पर्यंत त्यातून सुमारे २५.५ कोटी डॉलर आले. हल्ली काही विद्यापीठं जन्मालाही न आलेल्या कंपनीत मोठा हिस्सा मागतात, तेव्हा मला हा आकडा आठवतो.

नियमांचंही तसंच. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या नगरपरिषदेने १९७६ मध्ये डीएनए जोडण्याच्या प्रयोगांपैकी जोखमीचे काही थांबवले, सामान्य नागरिकांची समिती नेमली आणि १९७७ मध्ये स्पष्ट नियम केले. कंपन्या पळतील असं वाटलं होतं. उलट काय चालतं आणि काय नाही हे कागदावर आल्यामुळे त्या आल्या, बायोजेन ही बायोटेक कंपनी त्यांतलीच.

नुसती काचेची इमारत बांधून पाटी लावली की क्लस्टर (एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांची वस्ती) होतं, यावर माझा विश्वास नाही. स्टार्टअप बुडतात, बहुतेक बुडतातच. बुडालेल्या माणसाला घर न बदलता दुसरी नोकरी मिळते का, एवढं मी बघतो. आमचीही बुडाली. मायनस एटी (उणे ८० अंशांचा) फ्रीझर वरच्या मजल्यावरच्या कंपनीने घेतला, आणि पंधरा दिवसांनी मलाही. आत माझ्याच अक्षरातले डबे होते.