बिलात आले, पण आदेश कुठे आहे?

इंदूरच्या रामबागेतील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. घर वडिलोपार्जित, वीजजोडणी घरगुती, आणि पुढच्या खोलीत सूनबाई डबे करून देतात. नोव्हेंबरमध्ये वीज कंपनीचे पथक आले आणि पंचनामा झाला. ३ डिसेंबरला ७४,६०० रुपयांचा ‘अनंतिम निर्धारण आदेश’, म्हणजे तात्पुरत्या आकारणीचा आदेश, हाती पडला. शिक्षक झोनच्या कार्यालयात जाऊन तोंडी बोलले आणि ‘देख लेंगे’ एवढे उत्तर घेऊन परतले. जानेवारीत तिथल्याच एका बाबूने पुढे केलेल्या हप्त्यांच्या अर्जावर त्यांनी सही केली, आणि फेब्रुवारीच्या बिलात सगळी रक्कम थकबाकी म्हणून छापून आली. आता मार्चमध्ये ते विचारतात की ग्राहक आयोगात जावे काय, तोवर वीज तोडतील काय, आणि महागाईत चार पैसे मिळावेत म्हणून घरातच केलेल्या कामाला दुप्पट दर लावणे न्यायाचे आहे काय. शिकवणी, शिवणकाम, पापड-लोणची अशा कामांवरून आलेली याच धर्तीची पत्रे माझ्याकडे बरीच साठली आहेत, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

ग्राहक आयोगाचा विचार सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अनीस अहमद प्रकरणात स्पष्ट केले आहे की विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खालील, म्हणजे अनधिकृत वीजवापराबद्दलच्या, निर्धारणाविरुद्धची तक्रार ग्राहक मंचापुढे चालत नाही. कलम १४५ मुळे दिवाणी न्यायालयाचे दारही बंद आहे. ‘दोन वर्षांनंतर वसुली करता येत नाही’ असे शेजाऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे, ते कलम ५६(२) विषयी. ही मागणी डिसेंबरचीच असल्याने त्याचा येथे काही संबंध नाही.

आपले प्रकरण ज्या एका गोष्टीवर उभे राहील किंवा पडेल, तिचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही. ती म्हणजे अंतिम निर्धारण आदेश. अनंतिम आदेश हा निर्धारण अधिकाऱ्याचा पहिला अंदाज असतो. कलम १२६(३) प्रमाणे त्यावर आक्षेप नोंदवण्याचा आपला हक्क आहे, आणि वाजवी सुनावणी देऊन अनंतिम आदेश बजावल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे आपल्या बाबतीत २ जानेवारीपर्यंत, अंतिम आदेश काढणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हा अधिकारी कंपनीच्या पगारावर असला तरी त्याला या कामासाठी राज्य शासन नेमते, म्हणजे त्याच्याकडून अपेक्षा वसुली कारकुनाची नसून निवाडा देणाऱ्याची आहे. अंतिम आदेश न काढताच अंदाजाची रक्कम मासिक बिलात ढकलली गेली असेल, तर आपल्या हाती भक्कम मुद्दा आहे. तीस दिवस उलटले म्हणून निर्धारण आपोआप रद्द होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो.

उलट, अंतिम आदेश निघालेला असेल, तर कलम १२७ चे घड्याळ सुरू झालेले आहे. अपिलाला तीस दिवस मिळतात आणि निर्धारित रकमेचा अर्धा भाग, येथे ३७,३०० रुपये, भरल्याशिवाय अपील दाखल होत नाही. कलमात हे तीस दिवस ‘आदेशापासून’ मोजायचे म्हटले आहे. कंपनी ते कागदावरच्या तारखेपासून मोजील. आपण आदेश हाती पडल्याच्या तारखेपासून मोजावेत आणि न कळवलेल्या आदेशाची मुदत सुरूच होत नाही असे म्हणावे. मुदतीनंतर न भरलेल्या रकमेवर वर्षाला सोळा टक्के व्याज लागते आणि ते दर सहा महिन्यांनी चक्रवाढीने वाढते. आपल्या रकमेवर पहिल्या सहामाहीतच ५,९६८ रुपये होतील, तेव्हा ‘बघू’ म्हणत बसणे फार महाग पडेल.

हे सारे लिहिताना मला आपल्या डिसेंबरमधल्या तोंडी बोलण्याची चीड येते. चाळीस विद्यार्थ्यांची हजेरी रोज लेखी घेणाऱ्या माणसाने पाऊण लाखाच्या कागदावर एक ओळही लिहून दिली नाही, आणि जानेवारीत मात्र न वाचता सही केली! कलम १२७(५) प्रमाणे उभयपक्षी संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील चालत नाही. हप्त्यांचा अर्ज म्हणजे अशी संमती नव्हे, असे माझे मत आहे. पण कंपनीचा वकील तो कागद सर्वांत आधी पुढे करील. म्हणून त्या अर्जाची प्रत मिळवा आणि वीज तुटण्याच्या भीतीने सही केली, निर्धारण मान्य नाही, असे लेखी कळवा. पहिला हप्ता अजून भरला नसेल, तर हे पत्र गेल्याशिवाय भरू नका.

याच आठवड्यात निर्धारण अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यावा: अंतिम आदेश निघाला असल्यास त्याची प्रमाणित प्रत आणि बजावणीचा पुरावा द्यावा, निघाला नसल्यास सुनावणी द्यावी आणि तोवर ही रक्कम थकबाकीतून वेगळी ठेवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. देत नसतील तर अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा. माहितीच्या अधिकारातही मागता येईल, पण तेथे उत्तराला तीस दिवस आहेत आणि आपल्याकडे तेवढे नसावेत.

वीज तोडण्याबद्दल. कलम ५६(१) प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे, आणि वाद चालू असेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारे मासिक शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते निषेध नोंदवून भरल्यास जोडणी तोडता येत नाही. १२६ च्या रकमेला हे संरक्षण लागू नाही असे कंपनी म्हणू शकते. तरीही भरणा करावा, कारण पुढे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे जावे लागले तर चालू बिले नियमित भरणाऱ्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकले जाते. मात्र सुनावणीच झाली नाही हा मुद्दा कागदावर आल्याशिवाय तेथे जाऊ नये; स्थगिती लवकर मिळाली तरी अंतिम निकालाला किती वर्षे लागतील, हे कोणी सांगू नये.

दुप्पट दराचा आपला प्रश्न कायद्यापेक्षा धोरणाचा आहे. शंभर युनिट शंभर रुपयांत देणारी अटल गृह ज्योती योजना ज्या राज्यात आहे, तेथे एका खोलीतल्या डब्यांना अनधिकृत वापराच्या रांगेत बसवणे मला विसंगत वाटते, पण मंजूर कारणाहून वेगळा वापर हा कलमाच्या व्याख्येत बसतो आणि दुप्पट दर २००७ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. मात्र कालावधीवर भांडता येईल. वापर केव्हापासून हे ठरत नसेल तरच तपासणीपूर्वीचे बारा महिने धरता येतात. सूनबाईंनी डबे दिवाळीनंतर सुरू केले असतील, तर खाद्यपदार्थ नोंदणीची तारीख दाखवून रक्कम बरीच खाली आणता येईल. तोच कागद व्यवसायाची कबुलीही ठरतो, हे विचारात घेऊनच तो द्यावा. दरम्यान त्या खोलीसाठी गैरघरगुती जोडणीचा अर्ज करावा, नाहीतर पथक पुन्हा येईल.

लोकअदालतीत सवलत मिळवून देतो असे कोणी सांगितल्यास, आदेशाची प्रत हाती येईपर्यंत तेथे सही करू नये. तो निवाडा अंतिम असतो आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे त्यावर अपील होत नाही.