माशांची वंशावळ आता डीएनएवरून ठरते, तर एकेका शोधनिबंधावर इतक्या देशांतील इतक्या जणांची नावे कशाला लागतात?

डीएनए कोणत्या माशाचा आहे हे यंत्र सांगत नाही, मासा ओळखणारा सांगतो. म्हणून त्याचे नाव लेखकांत असलेच पाहिजे. तुमच्या प्रश्नातला ‘कशाला’ मी पूर्वी एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या तोंडून ऐकला असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सह्याद्रीच्या ओढ्यांतील लहान माशांचे नमुने आम्ही त्यांना पुरवत होतो. उजव्या बाजूच्या पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, डावी बाजू छायाचित्रासाठी अखंड राखायची, मग मासा फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा आणि दोन्हींत एकाच क्रमांकाची, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. प्रमुखांचे म्हणणे असे की बरण्या ठेवायला जागा नाही, तुकडे तेवढे पाठवा. बरण्या मी महाविद्यालयातच ठेवल्या. पुढे वंशवृक्ष तयार झाला तेव्हा अंगभर खवले असलेला आमचा एक मासा थेट शिंगाळ्यांच्या शाखेत जाऊन बसला आणि त्यावर ‘अनपेक्षित नाते’ म्हणून परिच्छेदही लिहून झाला. मी त्या क्रमांकाची बरणी उघडून माशाचे छायाचित्र पाठवले, उरलेल्या परावरून पुन्हा तपासणी करायला लावली आणि पराच्या तुकड्यांच्या नळ्यांची अदलाबदल त्यांच्याकडेच झाल्याचे निघाले. निबंधात माझे नाव आभारांत आले, ‘मासे गोळा करण्यास साहाय्य’ म्हणून. मासे काय, बाजारातही गोळा होतात.

अनेकांनी मिळून काम करणे नवे नाही. 1966 मध्ये ग्रीनवुड, रोझेन, वाइट्झमन आणि मायर्स यांनी टेलिऑस्ट माशांच्या (आजचे बहुतेक हाडांचे मासे या गटात येतात) वर्गीकरणाची जी मांडणी केली, तीही लंडन आणि अमेरिकेतील संग्रहांवर काम करणाऱ्यांनी एकत्र येऊनच झाली. 2013 मध्ये बेटनकर आणि सहकाऱ्यांनी 1,410 अस्थिमत्स्य आणि 21 जनुके घेऊन वृक्ष उभारला. इतके मासे एका माणसाच्या ओळखीचे असणे शक्यच नाही. केरळात 2018 च्या पुरानंतर भातशेतात सापडलेला भूगर्भातील मासा घ्या. 2020 मध्ये त्याचे वेगळे कुल ठरवताना जनुकांइतकाच सांगाडा कामी आला, कारण त्याच्या नातलग मरळीकडे असलेले हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय त्याच्याकडे नाही. त्या निबंधाच्या लेखकांत जर्मनी आणि केरळमधील संशोधकांबरोबर पुण्याचे नीलेश डहाणूकरही आहेत.

काही नावे निव्वळ खुर्चीमुळे छापली जातात, हे मात्र खरे. आणि बरणीने सर्वच वाद सुटत नाहीत: टेलिऑस्टांच्या वंशवृक्षाच्या बुडाशी कोण, म्हणजे सर्वांत आधी कोणती शाखा फुटली, हा जुना प्रश्न 2023 मध्ये गुणसूत्रांच्या रचनेवरून पुढे सरकला, त्यात आमच्यासारख्यांचा हात तोकडाच होता. तरीही तुम्ही विद्यार्थी असाल आणि कोणी नमुने मागितले, तर मासे कोणत्या संग्रहात राहणार आणि लेखकांत नाव कोणाचे येणार, हे पहिली नळी पाठवण्याआधी लेखी घ्या.