नदीत सोडायचा नाही, मग द्यायचा कुणाला?

प्रश्न (चिपळूण): नमस्कार. आमच्याकडे फिश टँकवाल्यांचे तीन व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. एक प्लांटेड टँकवाल्यांचा, म्हणजे टाकीत जिवंत वनस्पती लावणाऱ्यांचा, एक ऑस्कर-अरोवाना असे मोठे मासे ठेवणाऱ्यांचा, आणि एक घरी गप्पी-मॉलीची पिल्लं काढून विकणाऱ्यांचा. तिघांचं आपसात अजिबात पटत नाही. आम्हा काही जणांना वाटतं की रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून एकच संस्था असावी, आणि माशांचे हाल न होता ते पाळले जावेत हे तिनं बघावं. आधी रजिस्ट्रेशन करायचं की आधी माणसं जमवायची? दुकानदारांना घ्यायचं का?

उत्तर: आधी माणसं, आणि माणसांच्याही आधी एक काम ठरवा. हे मी अनुभवावरून सांगतोय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच एक प्रयत्न झाला होता, मी त्यात होतो, पहिल्या मीटिंगमध्ये अध्यक्ष कोण यावर दोन तास गेले, दुसरीत स्पर्धा कधी भरवायची यावर, आणि मग हळूहळू माणसं यायची बंद झाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण सगळी चांगली, माशांवर खरंच जीव असलेली माणसं होती, पण एकत्र येऊन करायचं काय हेच आमचं ठरलेलं नव्हतं.

काम कुठलं ते सांगतो. एका संध्याकाळी आमच्या आळीतला एक मुलगा रंगाची रिकामी बादली घेऊन दारात आला. बादलीत सकर फिश. सव्वा फुटाचा तरी असेल, बादलीत मावत नव्हता म्हणून कमानीसारखा वाकलेला, शेपटी पाण्याच्या वर, आणि हलला की अंगावरचे ते कडक खवले प्लास्टिकला घासून खरखर आवाज यायचा. मुलगा म्हणाला, काका आई म्हणते काजळीत सोडून ये, पण मला नाही सोडवत. दोन इंचाचा असताना 'काच साफ करतो' म्हणून दुकानातून आणलेला मासा, हा दीड फुटापर्यंत वाढतो हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तिची काय चूक? माझ्याकडे तेव्हा एक टाकी रिकामी होती म्हणून तो राहिला. पण ज्या घरी अशी टाकी नसते तिथला मासा नदीतच जातो, आणि हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या देशात बऱ्याच नद्या-तलावांत आता तो सुटलेला आहे, काठाच्या मातीत बिळं करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, जाळ्यात अडकला की जाळं फाडतो.

तर तुमच्या संस्थेचं पहिलं काम म्हणजे परतीची टाकी. ज्याला मासा झेपत नाही त्यानं लाज न वाटता तो आणून द्यावा अशी एक जागा. कुणाच्या तरी पडवीत पाचशे लिटरची टाकी, वर जाळी, चांगला फिल्टर, आणि लाईट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही. तुम्ही चिपळूणचे, २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, ही टाकी त्या रेषेच्या वरच असली पाहिजे, नाहीतर गोळा केलेले सगळे मासे एका रात्रीत वाशिष्ठीत जातील.

आणि बघा, या एका कामाला तुमचे तिन्ही ग्रुप लागतात. मोठ्या माशांवाल्यांकडे मोठ्या टाक्या आहेत. पिल्लं काढणाऱ्यांना नवीन मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून त्याचं आजारपण बघायची सवय आहे. प्लांटेडवाल्यांना पाणी कळतं. भांडणं बरीचशी पाण्याचीच असतात असं माझं मत आहे. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी साधारण मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकणारं, ते बार्ब-टेट्राला मानवतं पण मॉलीला बाधतं, किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ, तिथे उलटं, आणि जो तो आपल्या विहिरीचं सांगतो आणि दुसऱ्याला खोटं पाडतो. पहिल्या मीटिंगला प्रत्येकाला घरच्या पाण्याची एक बाटली आणायला सांगा आणि सगळ्यांसमोर पीएच नि हार्डनेस मोजा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

नियम थोडेच ठेवा, पण ठाम. टाकीतला मासा नदी, तळं, खाडी कुठेही सोडायचा नाही. इंजेक्शननं रंग भरलेले ग्लास फिश कुणी घ्यायचे नाहीत, विकायचे तर नाहीतच. गोल भांड्यात गोल्डफिश नाही, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगणारा मासा तो, भांड्यात काही महिन्यांत जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिकामी टाकी आधी तयार करायची आणि मग मासे. सर्वांत जास्त मासे इथेच मरतात. माशाच्या अंगातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विष आहे, फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषच, आणि मग नायट्रेट, जे पाणी बदलत राहिलं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि लोक सकाळी टाकी आणून संध्याकाळी वीस मासे सोडतात. त्यात ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर जास्त पडली असेल त्या दिवशी तेच पाणी थेट ओतलं तर मासेही जातात आणि जिवाणूही. पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा नाहीतर क्लोरीन घालवणारं अँटिक्लोर टाका, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा.

दुकानदारांना घ्याच. त्यांना बाहेर ठेवून काही साधणार नाही, लोक पहिला सल्ला त्यांनाच विचारतात. फक्त कार्यकारिणीत त्यांची संख्या निम्म्याहून कमी राहू दे, आणि सदस्य दुकानदारानं एक गोष्ट करायची, विक्रीच्या प्रत्येक टाकीच्या काचेवर मार्करनं लिहायचं की हा मासा पूर्ण वाढला की किती मोठा होतो. 'शार्क' म्हणून विकतात तो पंगॅशियस एक मीटरच्याही पुढे जातो, हे वाचल्यावर घ्यायचा का ते गिऱ्हाईक ठरवेल.

रजिस्ट्रेशन सहा महिन्यांनी केलं तरी चालतं. किमान सात माणसं लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि आपल्या राज्यात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्त कार्यालयात. त्यानंतर दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट राहून जातो आणि नंतर फार निस्तरावं लागतं, एका माणसावर ते कामच सोपवा.

रत्नागिरीत झाडगावला कृषी विद्यापीठाचं मत्स्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या जाणत्या माणसांना बोलवा. पहिली सहल मात्र महाडजवळ वाळण कोंडीला काढा. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखलेत, कुणी धरत नाही. काठावर उभं राहून ते मोठे काळपट मासे वर येताना बघितलं की मासा पाळणं म्हणजे तो आपल्या काचेत असणं नव्हे हे नवीन पोरांना आपोआप कळतं.

प्रश्न (मालवण): माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला रापणीच्या जाळ्यात जिवंत समुद्रघोडा मिळाला, तो त्यानं बादलीत घरी आणलाय. समुद्राच्याच पाण्यात ठेवला तर जगेल ना? शोभेला प्रवाळाचे दोन तुकडेही आणलेत.

उत्तर: ताई, आजच्या आज परत सोडा, जिथून आला तिथेच, आणि प्रवाळही ठेवून या. मुलाला रागावू नका, त्याला आवड आहे म्हणूनच त्यानं आणला. पण समुद्रघोडा आणि प्रवाळ दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, प्रवाळ वाळलेलं असलं तरी घरी ठेवता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो घरी जगत नाही, त्याला पोट असं नसतंच, दिवसभर थोडं थोडं बारीक जिवंत खाणं लागतं, ते आपण कुठून आणणार? तुमच्याच सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं २९.१२ चौरस किलोमीटर पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मुलाला स्नॉर्कलिंगला पाठवा.

प्रश्न (गुहागर): डासांसाठी आम्हाला गप्पी मासे मिळालेत. परसातल्या विहिरीत सोडू का? पावसात विहीर भरून वाहते आणि पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जातं.

उत्तर: वाहते म्हणताय तर विहिरीत नको. बाहेरगावचा मासा एकदा पऱ्यात गेला की परत काढता येत नाही. गप्पी माडाच्या मुळातल्या बंदिस्त हौदात ठेवा, तिथे ते काम चोख करतात. विहिरीसाठी त्याच पऱ्यातले चार-पाच पिकू धरा, डोक्यावर चांदीचा ठिपका असतो, पाण्याच्या अगदी वरच्या थराला राहतो आणि डासांच्या अळ्या टिपून खातो. फक्त आणताना बादलीवर ओलं फडकं घट्ट बांधा, पिकू उडी मारतो.