कोल्हापुरात नदी-तळ्याच्या तळातले जीव गोळा करून प्रदूषण दाखवायचंय, सामान काय लागेल?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टला गगनबावड्याकडचा एक ओढा आणि रंकाळा, दोन्हीकडचे तळातले जीव गोळा करणार आणि रंकाळा किती घाण झालाय ते दाखवणार. सामानाचं सांगतोच, पण आधी ही जोडी बदला राव, व्हायवाला पहिल्याच प्रश्नात अडकाल.

कारण साधं आहे. ओढ्याचा तळ दगडगोट्यांचा, पाणी पळतं, ऑक्सिजन भरपूर. तिथं दगड उलटा केला की मेफ्लाय नावाच्या किड्याची चपटी पिल्लं बाजूला पळताना दिसतात, तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला हलणारे कल्ले, शिवाय वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी, आणि नशीब असेल तर दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय. रंकाळ्याच्या तळाला गाळ. उद्या रंकाळ्याचं पाणी बाटलीबंद पाण्यासारखं केलं तरी ही मंडळी त्या गाळात राहायला येणार नाहीत, मग फरक प्रदूषणाचा की तळाचा हे कसं सांगणार?

गाळाची तुलना गाळाशी करा. रंकाळा आणि कळंबा, दोन्ही तलाव घ्या, किंवा पंचगंगेवरच एकसारखा तळ असलेल्या दोन जागा, एक नाला मिळायच्या आधी आणि एक नंतर. आणि बंधारा मधे आला तर सांभाळून. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, गाळ बसतो, आणि खालच्या अंगाला शे-दोनशे फुटांवर दगड उघडे असतात. एकच नदी, एकच पाणी, पण जीव एकदम वेगळे. मला तर हाच प्रोजेक्ट जास्त भारी वाटतो, बघा पटतोय का.

आता सामान. गाळासाठी एकमन ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा जबड्याचा डबा, डिपार्टमेंटला असतोच एखादा गंजलेला. त्याचं तोंड १५ बाय १५ सेंमी म्हणजे २२५ चौरस सेंमी, म्हणून मोजलेला आकडा ४४.४ ने गुणला की एका चौरस मीटरचा हिशोब येतो. एका जागेवर किमान तीनदा टाका. दोरीवरून वजन सोडलं की खाली जबडे मिटतात, असं पुस्तकात. मी रंकाळ्यात पहिल्यांदा टाकला तर वर येईपर्यंत सगळा गाळ गळून गेला, जबड्यात नारळाची करवंटी अडकलेली, दुसऱ्यांदा प्लास्टिकची पिशवी, तिसऱ्यांदा कुठं मनासारखा गाळ आला आणि तोवर काठावर बघ्यांची गर्दी, "मासा घावला का ओ?" दगडगोट्यात हा ग्रॅब चालतच नाही, तिथं जाळी खालच्या बाजूला धरायची आणि वरच्या बाजूला पायानं दगड ढवळायचे, ठरावीक जागा, ठरावीक मिनिटं.

गाळ अर्धा मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात घालून जिवंत असतानाच निवडायचं. जिवंत अळी वळवळते म्हणून डोळ्याला लगेच सापडते, मेल्यावर ती आणि कुजलेली काडी सारखीच. खरा वेळ इथंच जातो, एका ग्रॅबला दोन-तीन तास धरून चाला. रंकाळ्यात लालभडक अळ्या आणि केसासारखे लाल किडे ढिगानं मिळतील. पहिले कायरोनोमस, दुसरे ट्युबिफेक्स, अ‍ॅक्वेरियमवाले माशांना घालतात तेच. दोघांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल, आणि म्हणूनच ऑक्सिजन संपत आलेल्या गाळातही टिकतात.

ढीग बघून भुलू नका मात्र. बीएमडब्ल्यूपी स्कोअर म्हणजे सापडलेल्या जीवांच्या कुटुंबांना (फॅमिलींना) गुण देऊन पाण्याचा दर्जा ठरवायची पद्धत, घाण न सोसणाऱ्यांना जास्त गुण. तो काढताना कुटुंब सापडलं की एकदाच गुण, मग अळ्या ४ असोत की ४००. कायरोनोमसच्या कुटुंबाला २, ट्युबिफेक्सवाल्या गटाला १, स्टोनफ्लायच्या बहुतेक कुटुंबांना १०. ही पद्धत मूळ ब्रिटनची, आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तिचाच बदललेला प्रकार वापरतं, तुम्हीही तोच तक्ता घ्या. ओळख कुटुंबापर्यंत पुरे, जातीपर्यंत जायच्या नादात वर्ष जाईल.

टिकवायला ७० टक्के अल्कोहोल. ओल्या नमुन्यातलं पाणी मिसळून ते पातळ होतं म्हणून दुसऱ्या दिवशी बदलायचं, मी आळस केला आणि आठवड्यानं बाटली उघडली तर वास नाकातून जाईना. शंख-शिंपले फॉर्मलिनमध्ये टाकू नका, ते आम्लधर्मी झालं की कवच खाऊन टाकतं.

डिसेंबर ते मे मध्ये जा. पावसाळ्यात पूर तळच वाहून नेतो, आणि पंचगंगेच्या पुराचं तुम्हाला मी काय सांगू. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी, गाईडच्या सहीचं पत्र घेऊन.

आणि लेबल पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका. माझ्या सहा बाटल्यांवर मार्करनं लिहिलेलं अल्कोहोल सांडून पुसलं, आणि कुठली कळंब्याची कुठली रंकाळ्याची ते आजपर्यंत कळलेलं नाही.