मी प्रभुभोजनाच्या लायकीची नाही

ख्रिस्ती घरांतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. वसईची कॅथलिक कॉलेजकन्या असो की नगरकडचे निवृत्त मास्तर, सूर एकच: देव क्षमा करतो, मान्य; पण ती बाकीच्यांना. माझं काही खरं नाही. अशाच एका बाईंची हकिकत सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

वय चाळिशीपुढचं, हायस्कुलात शिक्षिका, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूल (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) घेणाऱ्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. वर्षभर त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा उपासनेतला विधी, घेतलेलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षारसाची वेळ आली की ‘सासूबाईंचं औषध राहिलंय’ म्हणून निघून जायच्या. अयोग्य प्रकारे खाणारा प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरतो, हे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं बायबलमधलं वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून दोनशेपानी वही काढली. रोज रात्री त्यात दिवसभराची पापं लिहायची. त्यातलं एक पान असं होतं: ‘सासूबाईंचं डायपर बदलताना नाक मुरडलं. जाऊबाईंच्या नव्या फ्लॅटबद्दल ऐकून आनंद झाला नाही. प्रार्थनेत मन भटकलं, उद्या भाजी काय करायची. नववीतल्या एका मुलाला वर्गासमोर त्याच्या वडिलांवरून बोलले.’ प्रत्येक नोंदीपुढे लाल पेनाची सारखीच फुली.

मी त्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. “ह्या मुलाशी नंतर बोललात?”

“नाही हो ताई. त्या रात्री पुष्कळ रडले मात्र.”

माझ्या मते सगळी मेख इथेच होती. एका पानावर निस्तरता येण्यासारखी खरी चूक एकच, आणि भाजीच्या विचाराला जी फुली तीच तिलाही. ‘मी अमुक केलं’ ही टोचणी कामाची असते, ती माणसाला त्या मुलाच्या बाकापर्यंत नेते. ‘मीच वाईट’ हे मात्र कुठेच नेत नाही. घरात बसवून रडवतं, आणि ते रडणंच पश्चात्ताप वाटायला लागतं.

वहीच्या पहिल्या पानावर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन होतं, स्वर्गीय पित्यासारखं पूर्ण होण्याचं. मी त्यांना त्याच्या आधीच्या ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. देव आपला सूर्य वाइटांवरही उगवतो आणि चांगल्यांवरही, पाऊस नीतिमानांवरही पाडतो आणि अनीतिमानांवरही; म्हणून वैऱ्यावरसुद्धा प्रीती करा. चुकांचा हिशेब तिथे कुठेच नाही. करिंथलाही पौलाचा राग होता तो खाऊनपिऊन असलेल्यांवर. ते आधीच जेवून घ्यायचे, काही झिंगायचे, आणि गरीब उपाशी राहायचे.

बाई शांतपणे म्हणाल्या, “हे मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी मीच मुलांना शिकवलंय.”

तेच तर. त्यांना वचनांची उणीव नव्हती. पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू), पाळकीणबाई, आत्या, सगळ्यांना विचारून झालं होतं. प्रत्येकाने प्रेमाने एकेक वचन दिलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. अशा वेळी दिलाशाचीच सवय लागते. जितका द्याल तितका पुढच्या खेपेला कमी पडतो.

हा प्रकार जुना आहे. येशूसंघाचे (जेझुइट या कॅथलिक संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे असताना तीच ती पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिले, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत गेले. जुनं काही आता पुन्हा कबूल करायचं नाही, असं ठरवलं तेव्हा सुटले. कॅथलिकांत अशा माणसाला सांगायची रीत आहे: पापनिवेदनासाठी एकच धर्मगुरू धर आणि झालेलं उकरू नकोस. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पापकबुली उपासनेत सगळ्यांनी मिळून. ‘बाई, आता पुरे’ म्हणणारं समोर कोणी नाही.

शिवाय आमच्याकडच्या साक्षी, म्हणजे मंडळीसमोर उभं राहून सांगितलेले विश्वासाचे अनुभव! मी असा होतो, प्रभूने मला असं केलं. सगळं भूतकाळात. ‘मी आजही अडखळतो’ म्हणणारा माणूस साक्षीला क्वचितच उभा राहतो. बाईंच्या घरी पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. आठ वर्षांनी उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हे ऐकून बाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आणि तरी त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत?” ठेवलीही असतील, म्हटलं मी, पण त्यांचं काम काही थांबलं नाही.

मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. वहीत फक्त एखाद्या माणसाकडे जाऊन निस्तरता येईल तेवढंच लिहायचं. विचारायचं ते एकट्या पाळकसाहेबांना, महिन्यातून एकदा. आणि एकदा उत्तर मिळालं की तोच प्रश्न पुन्हा नाही. पाळकसाहेबांनाही बाईंच्या संमतीने मी हे समजावलं. झोप उडाली होती, आणि रात्रीची उजळणी तास-दीड तास चालायची, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. “गोळ्या घ्यायच्या म्हणजे विश्वास कमी पडला ना?” बीपीची गोळी घेताना हा प्रश्न पडतो का, एवढंच मी विचारलं.

नववीतल्या मुलाची माफी त्यांनी वर्गासमोरच मागितली. पोरगं इतकं लाजलं की म्हणालं, “मॅडम, बस्स करा.”

प्रभुभोजन मात्र लांबत गेलं. विचार येऊ द्यायचे, पण उठून जायचं नाही, एवढंच आधी जमवायचं होतं. ईस्टरनंतरच्या एका रविवारी त्यांनी ते घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. “घेतलं ताई. पण मन भरून वगैरे काही आलं नाही. असं चालतं का हो?”

“हा प्रश्न कोणाला विचारायचा असं ठरलंय?”

“पाळकसाहेबांना. पुढच्या महिन्यात,” म्हणाल्या, आणि हसत सुटल्या.