घाटात गाडी बंद पडली, तर रेल्वेनं प्रवाशांसाठी नेमकं काय करायला हवं?

आधी खरं सांगायला हवं. इंजिन बिघडलंय, कर्जतहून दुसरं येतंय, दीड तास लागेल, एवढं टीसीनं डब्यात येऊन सांगितलं तरी निम्मा त्रास कमी होतो. काहीच कळत नाही म्हणून लोक रुळांवर उतरतात, आणि कर्जत-लोणावळा घाटात ते जिवावर बेतू शकतं. मग पाणी. संडासातलं पाणी संपलं की बायकांचे, म्हाताऱ्यांचे फार हाल होतात. रात्री उशिरा पुणे स्टेशनात उतरणाऱ्यांसाठी पीएमपीची बस उभी हवी. रिक्षावाले तेव्हा मीटरचं नावही काढत नाहीत. गाडीला 3 तासांहून जास्त उशीर असेल आणि प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. पण वाटेत अडकलेल्याला त्याचा उपयोग नाही. त्यानं 139 ही रेल्वेची हेल्पलाइन लावून गाडी आणि डब्याचा नंबर सांगावा.