रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

"ताई, मी गडचिरोलीची, पुण्यात हॉस्टेलला राहून बीएस्सी करते. मला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला. मागच्या महिन्यात रात्री क्रायसिस आला, म्हणजे अचानक खूप दुखायला लागलं. कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणाले, मोबाईल बघत बसलीयेस म्हणजे एवढं दुखत नसणार, आणि तुमच्याकडची माणसं तर काटक असतात. आधी ज्या इंजेक्शनने बरं वाटलं होतं त्याचं नाव सांगितलं तर म्हणे सवय लागलीये वाटतं. आता रूममेटपण नाटकं म्हणतात. पुढच्या वेळी दवाखान्यात जायचंच नाही असं ठरवलंय. मीच सहन करायला कमी पडते का?"

अगं नाही गं, अजिबात नाही. तुझं पत्र वाचून खूप राग आला, तुझा नाही, त्या वागण्याचा.

बघ, सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि पुढच्या हाडामांसाला ऑक्सिजन पोचत नाही, दुखतं ते म्हणून. हे दुखणं मोजायची कुठलीच टेस्ट नाही. बीपी, नाडी, एक्सरे सगळं नॉर्मल असलं तरी क्रायसिस चालू असू शकतो, त्यामुळे पेशंट किती दुखतंय सांगते तेच धरून चालावं लागतं. आणि मोबाईलचं काय, लहानपणापासून असं दुखणं काढलेली पोरं मन दुसरीकडे लावायला शिकतातच, गुडघ्याला चादर लागलेली सोसत नाही आणि अंगठा मात्र रील्स सरकवत असतो, मी पाहिलंय हे. रडून दाखवलं नाही म्हणून दुखत नाही असं कसं?

ते 'काटक' मात्र मला फार लागलं. कौतुकासारखं वाटतं, पण त्याच्या आडून तुझं औषध कमी होतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास आहे, त्यात निम्म्या गोऱ्या मेडिकल स्टुडंट आणि निवासी डॉक्टरांना काळ्या लोकांची कातडी जाड असते असल्या खोट्या गोष्टींपैकी निदान एक तरी खरी वाटत होती, आणि ज्यांना वाटत होती त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं. शिकलेल्या माणसांचं हे असं. आपल्याकडे ते आदिवासी पोरीच्या वाट्याला येतं, बाईच्या वाट्याला येतं, आणि तू दोन्ही आहेस.

सवयीचं म्हणशील तर आपल्याला कुठलं औषध लागू पडतं हे माहीत असणं म्हणजे व्यसन नव्हे. डायबेटिसवाला इन्सुलिनचं नाव घेतो तेव्हा कोणी असं बोलतं का? अमेरिकेतल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची गाइडलाइन तर सांगते की सिकलसेलचा पेशंट आला की तासाभरात दुखण्याचं औषध द्या आणि दर अर्ध्या-एक तासाने परत विचारा.

आता हे कर. तुझे नेहमीचे डॉक्टर असतील त्यांच्याकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घे, आजार काय, एरवी हिमोग्लोबिन किती असतं, क्रायसिसमध्ये कुठलं औषध किती डोसने लागू पडतं, कशाची ॲलर्जी आहे. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेव, एका रूममेटलाही पाठव, जिच्याशी त्यातल्या त्यात जमतं तिला, म्हणजे तुला बोलता येत नसेल तेव्हा ती दाखवेल. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषध चालू आहे का ते तू लिहिलं नाहीस, नसेल तर विचार, क्रायसिस कमी होतात त्याने. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, तेव्हा सर्टिफिकेटसाठी अर्ज कर, आणि कॉलेजला लेखी कळवून ठेव. त्या रात्रीची तक्रार करायची असेल तर दवाखान्याच्या अधीक्षकांकडे लेखी दे आणि पोच घे. तेवढी ताकद आत्ता नसेल तर राहू दे, तुझ्यावर सक्ती नाही.

पण जायचंच नाही हे काही चालणार नाही बाळा. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, दम लागणं, हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा. आणि ही यादी आजच त्या रूममेटला वाचायला दे.